जनावरावर क्रूरता झाली तर तक्रार, पुरावा आणि कडक शिक्षा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती विदर्भातल्या खेड्यापाड्यातल्या कास्तकारांसाठी, गुराख्यांसाठी आणि गावात अशा प्रकरणामागे धावणाऱ्या पोराबाळांसाठी आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यामुळे जुन्या कागदांवरची भारतीय दंड संहितेची ४२८, ४२९ ही कलमं आता नव्या घटनांना चालत नाहीत.

आरोपी पन्नास रुपये भरून सुटतो म्हणतात. मग तक्रार करून काय फायदा?

पन्नास रुपयांची गोष्ट खरी आहे, पण ती एकाच कायद्याची आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे कित्येक वर्षांपासून तसेच आहेत. पन्नास रुपयांत आज दोन किलो सरकीची ढेप येत नाही.

पण जनावर मारलं, त्याला विष दिलं, पाय तोडला, डोळा फोडला किंवा ते कामातून गेलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. पूर्वी जनावराची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये यावर कलम बदलायचं. आता किंमतीची अट गेली, कोणतंही जनावर चालतं. बहुतेक प्रकरणं पन्नास रुपयांवर संपतात ती पहिल्याच दिवशी फक्त कलम ११ लावलं गेलं म्हणून. कोर्टात शिक्षा किती होईल याची अर्धी लढाई ठाण्यातच ठरते.

कलम ३२५ लावायला काय दाखवावं लागतं?

तीन गोष्टी. जनावर मेलं, त्याला विषबाधा झाली किंवा ते अपंग, निकामी झालं. ते या माणसाच्या कृतीमुळे झालं. आणि कुणाचं तरी नुकसान होईल हे त्याला माहीत होतं, किंवा तोच त्याचा हेतू होता.

नुकसान दाखवायला मालकी आणि किंमत लागते. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी नंबर, बाजार समितीची किंवा गुरांच्या बाजाराची पावती, विमा असेल तर त्याचा कागद, दूध डेअरीचं खातं, असं जे असेल ते तक्रारीला जोडा. पावती नसेल तर ज्याच्याकडून बैल घेतला त्याचं बयाण चालतं. पेरणीच्या तोंडावर जोडीतला एक बैल गेला तर भाड्याच्या ट्रॅक्टरचा खर्चही नुकसानीत लिहा.

मालकानंच आपल्या जनावराला उपाशी ठेवलं, मारलं, म्हातारं झालं म्हणून हाकलून दिलं, तर ३२५ टिकवणं अवघड जातं. तिथे १९६० च्या कायद्याचं कलम ११ हाच आधार आहे. हा कायद्यातला मोठा खड्डा आहे.

ठाणेदार म्हणतात, "हे अदखलपात्र आहे, एनसी (अदखलपात्र नोंद) करून देतो." काय करावं?

इथेच सगळ्यात जास्त प्रकरणं अडकतात, म्हणून कलमं पाठ असू द्या.

कलम ३२५ दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाची वाट न पाहता पोलिसांना गुन्हा नोंदून तपास करता येतो. कलम ११ च्या पोटकलमांपैकी (एल), म्हणजे जनावराचे अवयव तोडणं किंवा निर्दयपणे मारून टाकणं, (एन) म्हणजे झुंजींसाठी जागा चालवणं किंवा देणं, आणि (ओ) म्हणजे कोंडलेली जनावरं सोडून त्यांच्यावर नेमबाजीची स्पर्धा लावणं, ही तिन्हीही त्याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे दखलपात्र आहेत. मारहाण, उपासमार, गाडीत कोंबून नेणं ही बाकीची पोटकलमं अदखलपात्र. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४(४) सांगतं की एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तर सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. म्हणून तक्रारीत कुऱ्हाडीचा घाव आणि त्याआधीची उपासमार दोन्ही असतील तर दोन्ही एकाच अर्जात लिहा.

तरी गुन्हा नोंदवला नाही, तर अर्ज लेखी द्या आणि प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. मग तोच अर्ज त्याच सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, पोस्टाची पावती जपून ठेवा. तिथूनही हालचाल नाही झाली तर कलम १७५(३) प्रमाणे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्या अर्जासोबत अधीक्षकांना अर्ज केल्याचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र लागतं. पोस्टाची पावती हरवल्यामुळे मागे आलेले अर्ज कमी नाहीत.

आणखी एक अडचण. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा कलम १७३(३) देतं, आणि ३२५ त्यात बसतं. चौकशी होऊ द्या, पण शवविच्छेदन आणि जागेचा पंचनामा त्याच दिवशी व्हावा अशी लेखी मागणी करा. मे महिन्यात चौदा दिवसांनी हाडंच उरतात.

तक्रार किती दिवसांत करायची?

त्याच दिवशी. १९६० च्या कायद्याचं कलम ३६ म्हणतं की या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हायला पाहिजे. नुसती ठाण्यातली नोंद म्हणजे खटला नव्हे. कागद कोर्टात पोचला पाहिजे. गुन्हा नोंदून तपास लटकला आणि नव्वद दिवस उलटले की आरोपीचा वकील पहिल्या तारखेलाच मुदतीचा मुद्दा काढतो. म्हणून साठाव्या दिवशी ठाण्यात जाऊन दोषारोपपत्राचं विचारा, आणि विचारल्याचा अर्जही देऊन ठेवा. कलम ३२५ ला ही तीन महिन्यांची अट नाही.

पहिल्या काही तासांत नेमकं काय करायचं?

जनावर जिवंत असेल तर आधी उपचार. १९६२ या नंबरवर फिरतं पशुचिकित्सा पथक मिळतं. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही त्याच वेळी फोन करा. उपचाराचा कागद घेताना जखमेची लांबी, खोली, जागा, धारदार हत्यार की बोथट, हे लिहून मागा. "जखम झाली, औषध दिलं" एवढ्या ओळीवर कोर्टात काही उभं राहत नाही.

पोलिसांना ११२ वर फोन लावा, म्हणजे वेळेची नोंद राहते. पोलीस पाटलांना बोलवा, त्यांनी ठाण्यात खबर देणं त्यांच्या कामातच येतं. जागा धुऊ नका, दावं कापलं असेल तर कापलेलं टोक तसंच ठेवा. पंच म्हणून भाऊबंद नको, दोन्ही बाजूंशी संबंध नसलेली माणसं सुचवा.

ढोराला विष दिल्याचा संशय आहे. शवविच्छेदनात काय पाहायचं?

आधी खबरदारी. नाकातून, तोंडातून, गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त आलं असेल तर जनावर फाडू देऊ नका, कातडं काढू नका. ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्सचा रोग, असू शकते आणि ती माणसाला लागते. डॉक्टर आधी रक्ताचा नमुना तपासतील.

दुसरं, प्रत्येक अचानक मरण म्हणजे विष नव्हे. पावसाचा खंड पडल्यावर कोवळी ज्वारी खाऊन किराळ लागते आणि जनावर तासाभरातही पडतं. फऱ्या, घटसर्प, सर्पदंश, वीज यांनीही असंच होतं. किराळ लागलेल्या जनावराचं रक्त लालभडक दिसतं. फवारणीच्या औषधानं विषबाधा झाली असेल तर लाळेचा फेस, पातळ शेण, अंगाला थरथर आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या दिसतात. ही लक्षणं जिवंतपणीच व्हिडिओत घ्या, मेल्यावर त्यातली बरीच दिसत नाहीत. शेजाऱ्यावर नाव घेण्याआधी एवढं पाहाच. खोटं नाव घेतलं गेलं की गावात पुढच्या खऱ्या तक्रारीलाही कुणी साक्षीदार मिळत नाही.

शवविच्छेदन दिवसाउजेडी आणि होईल तितक्या लवकर. ढोर सावलीत ओढा, पोटाजवळ बर्फाच्या लाद्या लावा. विषासाठी पोटातला चारा, काळीज आणि किडनी वेगवेगळ्या रुंद तोंडाच्या बरण्यांत घेतात. बरणीत मिठाचं संपृक्त पाणी घालतात, म्हणजे आणखी मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेलं. बरणी काठोकाठ भरायची नाही, वायू होऊन झाकण उडतं. फॉर्मेलिन घालू देऊ नका. ते रोगाच्या तपासणीला चालतं, विषाच्या तपासणीला नमुना वाया जातो. ही चूक पुन्हा पुन्हा होते, आणि अहवालात "विष आढळले नाही" असं आलं की आरोपी सुटला.

गव्हाणीत उरलेली ढेप, कणकेचा गोळा, बादलीतलं पाणी वेगळ्या स्वच्छ काचेच्या बरणीत, त्यात मीठ घालायचं नाही. हातात मोजे घाला. फवारणीची औषधं कातडीतूनही अंगात जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी, शेतमजूर दगावले. औषधाची बाटली दिसली तर उचलू नका, बॅच नंबर दिसेल असा फोटो काढून पोलिसांना दाखवा.

बरण्यांना लाखेचं सील, चिठ्ठीवर डॉक्टरांची आणि पंचांची सही. पुढे न्यायसहायक प्रयोगशाळेत, नागपूर किंवा अमरावतीला, पोलिसांमार्फतच जायला पाहिजे. मालकानं मोटरसायकलवर बरणी नेली तर मधल्या प्रवासाचा हिशोब कोर्टात देता येत नाही.

डॉक्टर म्हणतात, "पोलिसांचं पत्र आणा." पोलीस म्हणतात, "आधी डॉक्टरचा दाखला आणा."

पोलिसांनी पत्र द्यायचं असतं. ठाण्यात लेखी अर्ज द्या, त्याच कागदाचा फोटो डॉक्टरांना पाठवा आणि तालुक्याच्या पंचायत समितीतल्या पशुसंवर्धन विभागाला फोन करा. तरीही नाही झालं तर जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त आणि जिल्हाधिकारी कार्यालय. जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्थेचा कारभार याच दोन कार्यालयांतून कळतो. ढोर पुरलं असलं तरी आशा सोडू नका, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं उकरून तपासता येतं.

मोबाईलवरचा व्हिडिओ कोर्टात चालतो का?

चालतो, पण मूळ फाइल पाहिजे. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ दाबून लहान झालेला असतो, त्यातली वेळ आणि ठिकाणाची माहिती गेलेली असते. ज्यानं काढला त्याचा फोन जपा, फाइल कापू नका, त्यावर गाणं किंवा मजकूर टाकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅश नंबर येतो, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा आकडा. पेनड्राइव्ह देताना हे प्रमाणपत्र सोबत नसेल तर पुढे त्यावरच वाद होतो. कृषी केंद्राच्या किंवा दारूच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत पुसलं जातं, ते जप्त करण्याचा अर्ज दुसऱ्याच दिवशी द्या.

शेजाऱ्याची गाय माझ्या सोयाबीनमध्ये शिरते. मारलं तर गुन्हा, मग पीक वाऱ्यावर सोडायचं का?

नाही. १८७१ चा गुरे अतिचार कायदा तुमच्याच बाजूनं आहे. वावरात शिरलेलं ढोर पकडायचा हक्क तुम्हाला आहे, ते चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं. मालक दंड भरल्याशिवाय सोडवू शकत नाही. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा तलाठ्याकडून करून घ्या, भरपाई मागा. कोंडवाडा मोडकळीला आला असेल तर तो चालू करा म्हणून ग्रामसभेत ठराव मांडा. धुऱ्यावरची निम्मी कुऱ्हाड तिथेच थांबते. आणि हे नीट समजून घ्या : पिकाचं नुकसान झालं हे कारण ३२५ मध्ये सुटकेचं कारण ठरत नाही, उलट रागाचा हेतू सिद्ध व्हायला त्याचा उपयोग होतो.

बैलाला तुतारी टोचणं, उन्हात नांगरणं हे गुन्ह्यात येतं का?

ओझी ओढणाऱ्या जनावरांबाबत १९६५ चे नियम आहेत. तुतारी, म्हणजे टोकाला खिळा किंवा आर लावलेली काठी, वापरायला मनाई आहे. गाडीला जुंपलेल्या बैलाकडून दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन गाडी जुंपायची नाही. आपल्याकडे मार्च ते जून हा रोजचाच विषय आहे, अकोला-चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो.

जुवानं खांदा सुजलेला, चिघळलेला बैल जुंपणं हे कलम ११(१)(बी). पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळद लावून खांदा शेकतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणतो, तोच खांदा वर्षभर पाहायचा. मानेच्या मागच्या उंचवट्यावर केस गेलेले, कातडी लालसर आणि दाबल्यावर बैल मान चोरतो, एवढं दिसलं की आठ-पंधरा दिवस त्याला सोडून ठेवा. तक्रार करायची असेल तर हाच भाग जवळून, शेजारी पट्टी ठेवून फोटोत घ्या.

शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, कायदेशीर आहे ना?

आहे, पण अटींवर. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, महाराष्ट्रानं २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं ती दुरुस्ती वैध ठरवली. जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका, उत्तेजक औषध, सगळं बंद. अटी मोडून बैलाला वेदना दिल्या तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड.

तोच बैल, तोच कायदा. पटावर छळला तर पाच लाख आणि वावरात छळला तर पन्नास रुपये. राज्याला दंड वाढवता येतो हे २०१७ लाच सिद्ध झालं आहे. कलम ११ साठीही महाराष्ट्रानं तशी दुरुस्ती करावी, ही मागणी आमदारांकडे लेखी नेण्यासारखी आहे.

गुरं कोंबलेली गाडी दिसली तर अडवायची का?

अडवू नका. ११२ ला गाडीचा नंबर, रंग, दिशा आणि शेवटचं गाव सांगा. गाडी अडवून मारहाण झाली की गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि मूळ प्रकरण बाजूला पडतं. पोलिसांनी गाडी थांबवल्यावर गुरं मोजताना, पाय बांधलेले असताना, खाली उतरवण्याआधी व्हिडिओ व्हावा एवढं सांगा. मोटार वाहन नियमांत गाय-म्हशीला प्रत्येकी दोन चौरस मीटर जागा ठरली आहे. गाडीच्या हौद्याची लांबी-रुंदी पंचनाम्यात असेल तर कोंबल्याचं गणित कागदावरच दिसतं.

जप्त केलेली जनावरं कुठे जातात?

गोशाळा, पांजरापोळ किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं. खटला चालू असतानाच्या देखभालीचे २०१७ चे नियम आहेत, खर्च आरोपीकडून वसूल करता येतो. आरोपी दुसऱ्याच दिवशी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे जपून ठेवायच्या लेखी हमीवर, जनावरं परत मागतो. त्या अर्जाला सरकारी वकिलांमार्फत विरोध करा, सोबत डॉक्टरांचा तपासणी अहवाल द्या. नाही तर मार खाल्लेलं जनावर त्याच गोठ्यात परत जातं.

भटक्या कुत्र्याला मारलं तर? त्याचा मालक कोण?

तक्रारदार कुणीही होऊ शकतो, मालक असावा लागत नाही. पोलीस म्हणतात, "नुकसान कुणाचं झालं?" म्हणून ३२५ सोबत ११(१)(एल) नक्की लिहा, त्याला मालकीचा प्रश्नच नाही. कुत्र्यांचा त्रास असेल तर २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, ग्रामपंचायतीकडे लेखी मागा.

वाघानं गाय मारली म्हणून मढ्यात विष टाकलं, डुकरांसाठी तारेत करंट सोडला. कोणाकडे जायचं?

वनखात्याकडे, १९२६ हा नंबर. वन्यजीव संरक्षण कायद्यात विष देणं, फास लावणं हीसुद्धा शिकारच आहे. अनुसूची एकमधल्या प्राण्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. तारेत चोरून वीज सोडली तर वीज कायद्याचं कलम १३५ वेगळं लागतं, आणि त्या तारेवर माणसंही मेली आहेत. कुंपण हवं असेल तर झटका मशीन लावा, तिचा धक्का क्षणाचा असतो. गावठी बॉम्ब कणकेत घालून ठेवला आणि गाईचा जबडा उडाला, अशा प्रकरणात ३२५ च्या जोडीला १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा लावायची मागणी करा.

वाघानं मारलेल्या जनावराची खबर वनखात्याला ४८ तासांच्या आत द्या आणि मढं हलवू नका. भरपाई अडते ती बहुधा याच दोन कारणांनी.

गावात तंटामुक्त समितीनं मिटवलं तर?

गुन्हा नोंदल्यावर गावात झालेला समेट खटला थांबवत नाही. तडजोड झालीच तर ती कोर्टापुढे, कोर्टाच्या परवानगीनं. साक्षीदारावर दबाव येतो तो याच टप्प्यावर, म्हणून प्रत्यक्षदर्शींची बयाणं लवकर नोंदवून घ्या.

कोर्टात जास्त शिक्षा कशी मागायची?

खटला सरकारी वकील चालवतात. नुकसान झालेला मालक त्यांच्या मदतीला स्वतःचा वकील देऊ शकतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० ला फोन करा.

शिक्षेच्या वेळी चार कागद हाताशी असू द्या : आरोपीचा तीन वर्षांतला आधीचा गुन्हा, जनावराला किती वेळ यातना झाल्या ते सांगणारा डॉक्टरांचा अहवाल, नुकसानीचा हिशोब, आणि भरपाईचा अर्ज. आरोपी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडा म्हणेल, तेव्हा आधीचा गुन्हाच उपयोगी पडतो. दोषी मालकाचं जनावर काढून घेण्याचा आदेश १९६० च्या कायद्याच्या कलम २९ खाली मागता येतो. तो बहुतेक कुणी मागतच नाही, आणि जनावराच्या दृष्टीनं तोच सगळ्यात मोलाचा.

शिक्षा कमी झाली तर अपील?

शिक्षा कमी झाली म्हणून अपील सरकार करू शकतं, तुम्ही नाही. तुम्ही जिल्हाधिकारी आणि सरकारी वकिलांना तसा अर्ज देऊ शकता. पण आरोपी निर्दोष सुटला, हलक्या कलमात दोषी ठरला किंवा भरपाई कमी मिळाली, तर मालकाला स्वतः अपील करता येतं.

कायदा बदलणार होता, त्याचं काय झालं?

केंद्रानं नोव्हेंबर २०२२ मध्ये १९६० च्या कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात भीषण क्रूरतेला एक ते तीन वर्षं कैद किंवा ५० ते ७५ हजार रुपये दंड, आणि ठार मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद असं सुचवलं होतं. तो अजून कायदा झालेला नाही. दुसरा खड्डा न्याय संहितेचा : जनावरावरच्या लैंगिक अत्याचाराला पूर्वी जुन्या दंड संहितेचं कलम ३७७ होतं, नव्या संहितेत त्याची जागा रिकामी आहे. अशी घटना घडली तर कलम ११(१)(ए) लावा, इजा झाली असेल तर ३२५ सुद्धा, आणि चोवीस तासांच्या आत डॉक्टरांकडून नमुने घ्या. ग्रामसभेचा ठराव करून तो खासदारांना पाठवताना "कायदा कडक करा" एवढंच लिहू नका. कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेला, किती रुपये दंडावर आपल्या गावातलं प्रकरण संपलं, ते निकालपत्राची प्रत जोडून लिहा.